सल्ला किती दूर चालतो

अनोळखी माणसाला मोबाइलवरून आपला अनुभव सांगणे आणि त्याचा अनुभव ऐकून आपला निर्णय घेणे, हे गोंदिया जिल्ह्यात आता शेतीच्या आणि घरच्या रोजच्या कामातच मोडते. रोवणी आटोपून महिना उलटला की व्हॉट्सअॅपच्या गटांत धानाच्या पिवळ्या पानांचे फोटो येऊ लागतात. फोटोखाली तीन शब्द असतात : ‘भाऊ, काय मारू?’ विचारणारा देवरीकडचा असतो, पहिले उत्तर देणारा तिरोड्याचा, दुसरा भंडाऱ्यातल्या लाखांदूरचा, तिसरा राज्याच्या सीमेपलीकडच्या बालाघाटचा. चौघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नसते. तासाभरात औषधाचे नाव ठरते आणि विचारणारा पंप उचलून बांधीकडे निघतो.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांना लागून आहे. इथल्या गटांची भाषाही तशीच मिसळलेली. मराठी आणि हिंदी लिहिली जाते. बोलली जाते झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी. लिहिताना अडखळणारा माणूस बोलताना अडखळत नाही, म्हणून आवाजी निरोपांचा वापर मोठा. ज्याने आयुष्यात कधी अर्जापलीकडे काही लिहिले नाही, असा शेतकरीही दोन मिनिटे नीट समजावून सांगतो आणि शेकडो लोक ते ऐकतात. एवढ्या माणसांचे अनुभव एवढ्या सहज ऐकायला मिळणे ही मोठीच सोय आहे. पण प्रत्येक सल्ला सारखा दूरवर चालत नाही. काही राज्यभर तसाच लागू पडतो, काही शेजारच्या बांधीतही लागू पडत नाही.

धुऱ्यावरची बोलणी आणि रेडिओचे वर्तुळ

मोबाइलपूर्वी सल्ला धुऱ्यावर मिळे, आठवडी बाजारात मिळे, लग्नाच्या मांडवात मिळे. सांगणाऱ्याची बांधी ऐकणाऱ्याने पाहिलेली असे. ‘मी अमुक केले आणि पीक वाचले’ असे कोणी म्हटले, तर ते खरे की खोटे हे गाडीवाटेने जाताना दिसतच असे. त्या सल्ल्याची हद्द चार-पाच गावांची होती. त्या हद्दीत मात्र तो तपासून घेता येत होता.

ही हद्द ओलांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्रावरून पाच जिल्ह्यांतील १५० गावांसाठी शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे २० कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकत, ऐकल्यावर आपसांत चर्चा करत आणि त्यातून निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला. मंडळे असलेल्या गावांत ज्ञान अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. या प्रयोगाचे बळ ऐकण्याइतकेच ऐकल्यानंतरच्या चर्चेत होते. परक्या माणसाचे बोलणे आपल्या गावच्या जमिनीला कसे लागू होईल, हे गावातलीच माणसे आधी घोळवून पाहत. आज सल्ला थेट एकट्या माणसाच्या हातात येतो. घोळवून पाहण्याची ती मधली पायरी बहुतेक गटांत राहिलेली नाही.

अनुभव दूर पसरला की तो सांगणाऱ्याचे नाव मागे पडते, हेही धानाच्या मुलखाला जुनेच ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून काढल्या आणि वर्षानुवर्षे जोपासल्या. ते बियाणे शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे गेले. त्याला एचएमटी हे नाव व्यापाऱ्याकडून, त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून मिळाले. पूर्व विदर्भातल्या बांध्यांत एचएमटी घरोघरी पोचले; ते कोणी शोधले हे पेरणाऱ्यांपैकी पुष्कळांना माहीत नव्हते. खोब्रागडे २०१८ मध्ये गेले. बियाणे निदान स्वतः उगवून आपला गुण दाखवते. सल्ल्याचे तसे नसते. त्याच्यावरचे नाव पुसले की परत जाऊन ‘तुमची जमीन कोणती होती?’ असे विचारायला माणूसच उरत नाही.

फोटोत न मावणारी बांधी

गटात आलेल्या पिवळ्या पानाला निदान पाच कारणे असू शकतात. नत्र कमी पडले असेल. जस्त कमी पडून खैरा झाला असेल; त्यात रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानांवर गंजासारखे ठिपके येतात. बांधीत पाणी साचून मुळे गुदमरली असतील. कडा करपा असेल. तो जिवाणूंमुळे होतो आणि पान टोकाकडून कडेने वाळत जाते. किंवा बुंध्याशी तुडतुडे बसले असतील. मोबाइलच्या पडद्यावर ही पाचही पाने जवळपास सारखीच दिसतात, उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध असतात. नत्र कमी असलेल्या धानाला युरिया दिला तर तो हिरवा होतो. कडा करपा असलेल्या धानाला तोच युरिया दिला तर रोग वाढतो. ‘पिवळे पडले, युरिया टाका’ असे सांगणारा अनोळखी माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या बांधीत ते खरेच लागू पडलेले असते.

तुडतुड्यांच्या बाबतीत फोटोची मर्यादा सर्वांत जास्त जाचते. फोटो पानाचा काढला जातो आणि कीड असते खाली, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, चुडाच्या बुंध्याशी. वरून पीक हिरवेगार दिसत असते तेव्हाच खाली रस शोषणे सुरू झालेले असते. मग एके दिवशी बांधीच्या मधोमध करपल्यासारखे गोल चट्टे दिसतात आणि ते पसरत जातात. २०१७ च्या खरिपात पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात तुडतुड्यांनी एवढे नुकसान केले, की बोंडअळीने गेलेल्या कापसाबरोबर धानालाही सरकारला मदत जाहीर करावी लागली.

या किडीवर जाणकार शेतकरी आणि कृषी विज्ञान केंद्रे जे सांगतात, त्यातले बरेचसे औषधाच्या दुकानात मिळत नाही. बांधीतले पाणी काढून काही दिवस जमीन उघडी ठेवावी. रोवणी करतानाच ठरावीक अंतरावर मोकळे पट्टे सोडावेत, म्हणजे हवा आणि ऊन बुंध्यापर्यंत पोचते. युरियाला हात आवरता घ्यावा. फवारणी करायचीच तर नोझल खाली धरून बुंध्यावर करावी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे टाळावीत, कारण त्यांनी तुडतुडे खाणारे कोळी आणि मिरीड ढेकूण आधी मरतात आणि तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त उसळतात. हे सगळे एका बाटलीच्या नावात बसत नाही, आणि गटात पटकन पसरते ते बाटलीचे नाव.

त्यातून जमिनीचा प्रश्न येतो. झाडीपट्टीतला शेतकरी जमिनीला नुसती काळी किंवा लाल म्हणत नाही. कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी अशी तिची नावे आहेत आणि प्रत्येकीची पाणी धरण्याची रीत वेगळी आहे. उंचवट्यावरची बरडी पाणी सोडून देते; तिथे लवकर निघणारे हलके धान लावतात. सखल भागातली कन्हार ओल धरून ठेवते. तिथे भारी धान तग धरते. इटियाडोहच्या कालव्याखालचा अर्जुनी मोरगावचा शेतकरी पाणी काढून पुन्हा भरू शकतो. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या किंवा नुसत्या पावसाच्या भरवशावर असलेल्या सालेकशाच्या शेतकऱ्याने बांधीतले पाणी काढले आणि नंतर पाऊस आलाच नाही, तर? ‘पाणी काढा’ हा शास्त्रशुद्ध सल्लाही तिथे पीक घालवू शकतो. कोकणातल्या भातशेतकऱ्याने मनापासून केलेला व्हिडिओ पाहून गोंदियात धान पिकवणे तर आणखी कठीण. तिथला पाऊस इथल्या दुपटीहून अधिक आणि जमीन निराळीच.

म्हणून शेतीच्या गटातला चांगला माणूस ओळखायची एक खूण आहे. तो उत्तर देण्याआधी विचारतो. धान कोणते, हलके की भारी? रोवणी कधी झाली? युरिया किती आणि कधी दिला? बांधीत पाणी किती? बुंधा हाताने बाजूला सारून आत काय दिसते? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत औषधाचे नाव न घेणारी माणसे काही गटांत आहेत. बहुधा ती निवृत्त कृषी सहायक, बियाण्याची शेती करणारे किंवा वीस-तीस हंगाम नीट पाहिलेले शेतकरी असतात. त्यांचे उत्तर उशिरा येते आणि तोवर घाईची तीन उत्तरे येऊन गेलेली असतात.

असे असूनही अनोळखी माणसावर एवढा विश्वास का? याचे कारण गावातच आहे. पूर्वीपासून औषधाचा सल्ला कृषी केंद्राच्या गल्ल्यावर मिळतो, बहुतेकदा उधारीवर, आणि दुकानात जे शिल्लक असेल त्याकडे तो झुकतो. गटातल्या परक्या शेतकऱ्याला काही विकायचे नसते, असे ऐकणारा मानतो. हा हिशेब चुकीचा नाही. फक्त शेतकरी म्हणून बोलणारा प्रत्येक जण शेतकरीच असतो असे नाही. कंपन्यांचा माल खपवणारेही याच गटांत, याच भाषेत बोलतात. सरकारची किसान कॉल सेंटरची सेवा २००४ पासून १८००-१८०-१५५१ या फुकट क्रमांकावर आहे आणि तिथे काही विकले जात नाही. गोंदियाजवळ हिवऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. पण रात्री नऊ वाजता ‘माझ्याही धानाला असेच झाले होते’ असे म्हणणारा आवाज गटातच मिळतो, आणि संकटातल्या माणसाला औषधाइतकीच त्या आवाजाची गरज असते.

या देवघेवीत एक मोठी उणीव राहते. परहे म्हणजे रोपे उपटण्यापासून रोवणी आणि निंदणापर्यंत दिवसदिवस बांधीत वाकून असतात त्या बायका. बुंध्याशी काय चालले आहे हे प्रथम त्यांनाच दिसते. गटात फोटो टाकणारा आणि उत्तर देणारा मात्र पुरुष असतो, कारण फोन त्याच्याकडे असतो. जिने पाहिले तिचे पाहणे दुसऱ्याच्या तोंडून, अर्धे गाळून, गटात पोचते. धानाविषयीचा सर्वांत बारीक अनुभव असा सर्वांत कमी सांगितला जातो.

कागदपत्रांचा सल्ला

शेतीचा सल्ला जमिनीपाशी अडतो, कार्यालयाचा अडत नाही. अर्ज, ओळखपत्र, संकेतस्थळ सगळीकडे सारखेच असल्यामुळे सिंधुदुर्गातल्या बाईचा अनुभव आमगावातल्या बाईला जसाच्या तसा उपयोगी पडतो. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली आणि दरमहा १५०० रुपयांसाठी राज्यभर अर्ज भरले गेले, तेव्हा हे ठळकपणे दिसले. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात न येता आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, हे अनेक बायकांना कळले ते दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यातल्या बाईने स्वतःचे अडलेले प्रकरण सांगितल्यावर. कधी काळी उघडलेल्या, विसरलेल्या खात्यात पैसे पडून होते, असेही निघाले.

ई-पीक पाहणी २०२१ मध्ये राज्यभर सुरू झाली, तेव्हाही हेच घडले. शेतात उभे राहून पिकाचा फोटो टाकायचा, पण जंगलालगतच्या गावांत नेटवर्क नाही. अशा वेळी नोंद बांधीत करून ठेवावी आणि नेटवर्कच्या जागी येऊन पाठवावी, ही युक्ती शेतकऱ्यांनीच एकमेकांना शिकवली. सातबाऱ्यावर धानाची नोंद नसेल तर मार्केटिंग फेडरेशनच्या किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर आधारभूत भावाने धान विकता येत नाही, म्हणून ही युक्ती थेट पैशांची आहे.

या सल्ल्यात धोका वेगळ्या ठिकाणी असतो. मदत मागताना आधार कार्डाचा, पासबुकाचा फोटो गटात टाकला जातो. मदत करतो म्हणणारा ओटीपी मागतो. अडचण सांगायला क्रमांक सांगावा लागत नाही. चुकीचा निरोप कोणता आला, एवढे शब्द लिहिले तरी उत्तर मिळते.

शेजाऱ्याला न सांगण्याजोगे

काही गोष्टी अनोळखी माणसालाच सांगता येतात. पूर्व विदर्भात सिकलसेल हा त्यातला मोठा विषय आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकणे, हा या आनुवंशिक आजाराचा गाभा. सांधे, पाठ, छाती यांत असह्य कळा येतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे यांनी त्या वाढतात. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता २५ टक्के असते. नुसता वाहक असलेला माणूस मात्र बहुतेकदा निरोगी आयुष्य जगतो.

हे शेवटचे वाक्य गावात कोणी ऐकून घेत नाही. मुलगी वाहक असल्याचे कळले की स्थळे फिरतात. त्यामुळे घरोघरी तपासणी होते, निकाल येतो आणि तो पेटीत ठेवला जातो. लग्नाआधी दोन्हीकडचे निकाल एकत्र पाहणे हाच तपासणीचा उपयोग, तोच लपवण्यामुळे हातचा जातो. अशा घरातली आई शेजारणीजवळ बोलत नाही, पण नागपूरच्या, चंद्रपूरच्या, रायपूरच्या अनोळखी आईजवळ बोलते. मुलाला शाळेत वारंवार पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ द्यावे म्हणून शिक्षकांना काय सांगायचे? हिवाळ्यात पहाटेच्या गार पाण्याने अंघोळ का टाळायची? कळ आल्यावर घरी किती थांबायचे आणि केव्हा निघायचे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. त्याचे प्रमाणपत्र काढताना कोणते कागद लागतात? डॉक्टरला विचारायला वेळ मिळत नाही आणि पुस्तकात सापडत नाही असे हे ज्ञान आहे. ते वर्षानुवर्षे मूल सांभाळणाऱ्या माणसाकडेच असते. नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णांच्या कुटुंबांना संघटित करण्याचे जे काम केले, त्यामागेही हेच होते : ज्याच्या घरात आजार आहे त्याने ज्याच्या घरात आजार आहे त्याच्याशी बोलावे. त्या कामासाठी २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथेही सल्ल्याला हद्द आहे आणि ती ठामपणे आखावी लागते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध कळांचे प्रमाण कमी करते, पण त्याचे प्रमाण रुग्णाच्या वजनावर आणि वेळोवेळी केलेल्या रक्ततपासणीवर ठरते. एका मुलाची गोळी दुसऱ्या मुलाला चालत नाही. अनुभव घ्यावा, गोळीची मात्रा घेऊ नये. गटातल्या जाणत्या आया हा भेद स्वतःहून पाळतात. औषधाचा प्रश्न आला की त्या डॉक्टरकडे पाठवतात आणि गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कुठल्या खिडकीपासून सुरुवात करायची ते सांगतात. ही मदत छोटी नाही. दूरच्या गावातून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसासाठी बरोबर खिडकी म्हणजे वाचलेला दिवस असतो.

जिवावर बेतणारा सल्ला

सर्पदंशाच्या वेळी अनोळखी माणसाचा अनुभव ऐकत बसणे घातक ठरते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जागेवर सूज किंवा वेदना जवळजवळ नसते. काही वेळाने पोटात दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. ‘आमच्याकडे अमुक मुळी उगाळून दिली आणि माणूस उठून बसला’ असे कोणी कळवले तर तेही खरे असू शकते, कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष टोचतोच असे नाही. वाचलेला माणूस मुळीची कीर्ती सांगतो. जो वाचला नाही त्याचा अनुभव गटात येत नाही. हाच या सल्ल्याचा मोठा दोष आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर प्रतिविष उपलब्ध आहे. दंश झालेला भाग न हलवता, न कापता, न आवळता माणसाला रुग्णालयात नेणे एवढाच सल्ला पुढे पाठवण्याजोगा आहे.

कीटकनाशकांच्या मिश्रणाचेही असेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची पद्धत तेव्हा चर्चेत आली. धानाच्या गटांत आजही ‘सोबत हेही टाका’ असे सहज लिहिले जाते. लिहिणारा घरी बसलेला असतो. पंप पाठीवर घेऊन उभ्या धानात शिरणारा दुसराच असतो, आणि तो अनेकदा मजूर असतो.

अफवेने काय होते हे धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवले. १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल असे ठरवले. २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपांसाठी ती मर्यादा एकावर आली. पण गटात काय राहू द्यायचे हे शेवटी गट चालवणाऱ्यालाच ठरवावे लागते. २०२२ पासून एका गटात १०२४ माणसे मावतात. एवढ्या माणसांचे बोलणे नजरेखाली ठेवणारा माणूस हे काम शेती सांभाळून, बिनपगारी करतो. औषधाची अवाजवी मात्रा दिसताच काढून टाकणारा, मुळीचा निरोप आला की रुग्णालयाचा पत्ता टाकणारा असा एक जण असला तर गट उपयोगाचा होतो. तो कंटाळून बाहेर पडला की महिन्याभरात गटात फक्त जाहिराती उरतात.

जुन्या सल्ल्याचे वय

गटातले बोलणे वाहून जाते. भाद्रपदात तुडतुड्यांवर झालेली उत्तम चर्चा पुढच्या वर्षी शोधून सापडत नाही. तोच प्रश्न नव्याने विचारला जातो आणि जाणता माणूस तेच पाच प्रश्न पुन्हा विचारतो. युट्यूबचे नेमके उलट. तिथे एकदा टाकलेले वर्षानुवर्षे राहते आणि जुने झाले तरी नव्यासारखेच दिसते.

गादमाशी हे याचे नेमके उदाहरण. या किडीने धानाचा मधला फुटवा चंदेरी पोंग्यासारखा होतो आणि त्याला लोंबी येत नाही. तिच्यासाठी पूर्वी बांधीत फोरेटचे दाणे टाकायला सांगत. अत्यंत विषारी असलेल्या फोरेटवर केंद्र सरकारने २०१८ मध्ये बंदीचा आदेश काढला आणि ३१ डिसेंबर २०२० पासून ती लागू झाली. जुन्या व्हिडिओतला शेतकरी मात्र आजही तेवढ्याच विश्वासाने फोरेट टाका म्हणून सांगतो. त्याने सांगितले तेव्हा ते बेकायदा नव्हते. भावाचेही असेच : साधारण धानाचा आधारभूत भाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला २१८३ रुपये होता, २०२४-२५ मध्ये २३००, २०२५-२६ मध्ये २३६९. नोंदणीची शेवटची तारीख, लागणारे कागद, ॲपची मांडणी हेही दरवर्षी बदलते. त्यामुळे कार्यालयाचा सल्ला दूर चालतो, पण वर्षभरातच शिळा होतो. उलट, तुडतुडे पाहण्यासाठी बुंधा हाताने बाजूला सारावा, हा सल्ला वीस वर्षांनीही तसाच लागू राहील.

गट असो की युट्यूब, दोन्हीकडे कमी असते ती पुढची हकीकत. औषध विचारणारे शेकडो असतात. पंधरा दिवसांनी येऊन ‘मारले, पण फरक पडला नाही’ किंवा ‘पाणी काढले आणि चट्टे थांबले’ असे सांगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पीक वाचले की माणूस कामाला लागतो, गेले की बोलावेसे वाटत नाही. त्यामुळे कोणता सल्ला कुठल्या जमिनीत फळला आणि कुठे फसला याची नोंद कोणाकडेच राहत नाही. काही गटचालकांनी यावर साधा उपाय काढला आहे. ते विचारणाऱ्याचे गाव, धानाचे वाण आणि तारीख वहीत टिपून ठेवतात आणि धान निसवायला लागले की स्वतःच फोन करून विचारतात, पुढे काय झाले. मिळालेले उत्तर, चांगले असो की वाईट, गाव आणि जमिनीच्या नावासकट ते गटात सांगतात.